खडकावरचा कुरव

पक्षी बघणारा माणूस संशयी होतोच. जागा फुटली की कॅमेरेवाल्यांची जत्रा भरते. म्हणून कसबा बावड्याच्या मागं, नदीच्या वळणावर पाण्यात शिरलेला तो खडक मी बायकोलासुद्धा सांगितला नव्हता. मागं कुणी येतंय का, हे बघूनच गाडी लावायचो.

दिवाळीच्या तोंडावर तिथं एक कुरव उतरला. समुद्रावरचा पक्षी आणि आमच्या नदीवर! उत्तरेकडनं उडून पार दमलेला. दिवसभर पंख मिटून बसायचा. त्याला चार दिवस विसावा मिळावा, मग घाट ओलांडून समुद्र गाठावा, एवढंच मला हवं होतं. खरं तर तो मला दाखवला म्हशी धुवायला येणाऱ्या एका मामांनी. "ह्यो बगळा न्हाय वो मास्तर, निराळंच काय तरी हाय." तरी त्यांच्या खिशातला मोबाईल दिसला की मला खुटखुट लागायचीच.

मी पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर एकच फोटो टाकला. जागा लिहिली नाही. कुणी विचारलं तर म्हणायचो, "हाय की जिल्ह्यातच."

रविवारी बघतो तर काठावर आठ-दहा कॅमेरे! एकजण उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून खडे मारत होता. कुरव उडायचा, जरा पुढं बसायचा, परत खडा. माझं टाळकंच सटकलं. पण त्या खडेवाल्याला सोडून मी मामांवर घसरलो. जागा ठाऊक असलेले आम्ही दोघंच ना!

"तुम्हीच सांगितलंसा न्हवं? काय दिलं त्यांनी?"

"मी? मला कोण इचारतंय मास्तर?"

"सोंग करू नका," मी चारचौघांत ओरडलो.

दुपारपर्यंत कुरव गेला. समुद्रापर्यंत पोचला की वाटेतच पडला, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी त्या कॅमेरेवाल्यांतल्या एकाला फोनवर खोदून विचारलं. तो हसायलाच लागला. "भावा, फोटोत मागं बावड्याच्या साखर कारखान्याचं धुराडं धूर सोडतंय की! कोल्हापुरात कुणाला कळणार न्हाय?"

फोटो मोठा केला. धुराडं, धूर, खालचा ऊस, सगळं स्वच्छ. जन्मभर समोर असलेलं धुराडं मला दिसलंच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तडक नदीवर गेलो. मामा म्हस घासत होते.

"मामा, चुकलं माझं. माझ्याच फोटोनं घात केला."

"व्हय," ते म्हणाले. हात थांबला नाही. मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "जरा बाजूला सरा पावणं, म्हस बुजतीया."