रविवारची मिसळ

गंगापूर रोडवरच्या मिसळीच्या हॉटेलात ती दर रविवारी सकाळी एकटीच यायची. सातपूरच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून थेट आलेली, अंगात कंपनीचा निळा शर्ट आणि केसांत नुकताच माळलेला गजरा. पहिला घास घेताना ती डोळे मिटायची. शेजारच्याच टेबलावर बसत असूनही नाव मी कधी विचारलं नाही.

एका रविवारी एक गृहस्थ बायकोमुलांसह आत आले आणि तिच्या टेबलापाशी थांबले.

“बापाचं कर्ज डोक्यावर आहे आणि इथे चैन चाललीय?” सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले.

ती उठली नाही. “काका, बाबांच्या आजारपणात तुम्ही पैसे दिलेत, ते मी विसरले नाही. पण माझा हप्ता एकदा तरी चुकला का?”

“तसं नाही, पण...”

“मग पैसे तुमचे, रविवार माझा.”

काका कोपऱ्यात जाऊन बसले आणि मिसळीबरोबर जिलबीही मागवली. माझं डोकंच फिरलं. कर्ज तर पै न पै फेडायचं, वर चेहराही सुतकी ठेवायचा, हा कुठला न्याय? आणि तिचा चेहरा तपासणारे हे कोण?

 तिने वेटरला हाक मारली, “दादा, रस्सा गरम आणा. हा गार झाला.”