आलियानं स्वतःचा भाव पाडला

आधी एक सांगून ठेवते. आलिया आतारबद्दल कुणी "बिचारीनं केवढा त्याग केला" असं म्हणालं, की माझं डोकं फिरतं. आमच्या सत्काराला एक पाहुणे आले होते, ते असंच काहीबाही बोलायला लागले. मी सरळ खुर्चीवरून उठले आणि बाहेर जाऊन चहा प्याले. आलिया बिचारी नाही. तिच्या तावडीत जो सापडेल त्याला बिचारा म्हणा हवं तर.

मी रोहिणी, राजूरची. कबड्डीत डावा कोपरा खेळते. चढाई करणारी पोरगी आमच्या बाजूला शिरते, कुणाला तरी शिवून दम न सोडता परत पळायला बघते, आणि मी कडेला उभी राहून तिचा घोटा धरते. काम एवढंच. पण टाळ्या चढाईला पडतात, पेपरात फोटो चढाईचा येतो आणि पैसेही चढाईलाच मिळतात. कोपऱ्याला कोण विचारतं? मी इतके हंगाम रणरागिणी संघाकडून खेळले, पण त्या संघाचे मालक रविराज मला शेवटपर्यंत "ए कोपरा" अशीच हाक मारायचे. नाव माहीत नव्हतं की घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

आलिया नागापूरच्या झुंजार संघाची. जिल्ह्यात तिच्याइतकी महाग चढाई दुसरी नव्हती. खाजाभाईंची मुलगी. त्यांचं एमआयडीसीत वेल्डिंगचं दुकान आहे. गेट आणि ग्रिलच्या कामातून उरलेल्या पाइपांचे त्यांनी लेकीला व्यायामाचे दांडे करून दिले होते, टोकांना सिमेंटचे गोळे लावून. आलिया चालत आली तरी समोरच्या बाया मागं सरकायच्या. मी सरकत नव्हते. गेल्या वर्षीच्या फायनलला शेवटच्या चढाईत मी तिचा घोटा धरला आणि झुंजारचा कप गेला. मला वाटलं, ही बाई आता जन्मभर माझं तोंड बघणार नाही.

आणि तीच बाई उन्हाळ्यात राजूरच्या बाजारात माझ्यासमोर उभी. मी आईच्या तांदळाच्या पाटीजवळ बसले होते. ही तालुक्याच्या गावाहून, अकोल्याहून जीपनं आली होती, केसांत धूळ, खांद्याला बॅग. आल्या आल्या तिनं सलवारीची कड वर केली आणि पाय पुढं केला.

"हा घोटा ओळखतेस?"

मी म्हटलं, "ओळखते की. लई वळवळत हुता."

ती हसली नाही. म्हणाली, "झुंजारकडून खेळशील? रविराज देतात त्याच्यापेक्षा जास्त मिळतील."

आईनं माप खाली ठेवलं. तिला वाटलं ही काहीतरी फसवाफसवी. "आवं बाई, कोपऱ्याला एवढं कोन देतं?" तिनं विचारलं.

"मी देते," आलिया म्हणाली.

मागाहून सगळं कळलं. झुंजारचे मालक सुहास साहेब. त्यांचा नागापूरला सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. माणूस वाईट नाही, पण हिशेबाचा पक्का. त्यांनी सांगून टाकलं होतं की यंदा कप आला नाही तर संघ बंद. आणि नव्या खेळाडूसाठी वरचा एक रुपया मिळणार नाही. संघ बंद म्हणजे सगळ्या पोरी घरी. त्यातल्या निम्म्या अशा, की संघ होता म्हणून घरचे खेळू देत होते. पगार येतोय तोवर पोरगी खेळाडू. पगार थांबला की तिच्यासाठी स्थळं बघायला लागतात.

आलियानं साहेबांना विचारलं, "पैसे वाढवायचे नाहीत ना? मग माझ्यातले अर्धे काढा आणि राजूरच्या त्या पोरीला आणा. मला थांबवणारी तेवढी एकच आहे. ती आपल्याकडं आली की मला कोण थांबवणार?"

साहेब म्हणाले, "अगं, एकदा भाव पडला की परत चढत नाही. विचार कर."

"केलाय," आलिया म्हणाली, आणि सही करून बाहेर आली.

हे मला तिनं सांगितलं नाही. आमचे प्रशिक्षक हनुमंत सर यांनी सांगितलं, तेही मी नागापूरला राहायला आल्यावर. मला आजवर कुणी असं मागून घेतलं नव्हतं. आणि मागून घेतलं कुणी, तर जिला मी हरवलं तिनं. रागही आला. मी काय हिच्या उपकारावर खेळायचं? दुसऱ्या दिवशी सरावाला मी तिचे घोटे असे धरले, असे धरले, की सर ओरडले, "रोहिणी, ती आपल्याच संघात आहे!" आलिया मॅटवरून उठली आणि म्हणाली, "धरू द्या सर. त्याचेच पैसे दिलेत."

भाव पडल्याची बातमी मात्र वाऱ्यासारखी जिल्हाभर गेली. आणि आपल्याकडचे लोक कसले हुशार! एखादीचा भाव अर्ध्यावर आला तर कारण काय असेल? गुडघा गेला असेल. झालं, ठरलं. रविराजांनी तर स्वतःच्या डोळ्यांनी एक्स-रे बघितल्यासारखं सांगत फिरायला सुरुवात केली. "आलिया संपली. डावा गुडघा. डॉक्टरनं हात टेकले." खाजाचाचांच्या दुकानात गेट न्यायला आलेली माणसंही हळहळायची. चाचा चष्मा वर करून म्हणायचे, "गुडघा? परवाच माझ्या दुकानातलं सिलिंडर उचलून बाहेर ठेवलंय तिनं." पण ऐकतो कोण? बापच तो, असंच बोलणार, म्हणायचे.

पुण्याचा एक मोठा संघ पुढच्या वर्षासाठी तिच्याशी बोलत होता. त्यांनी फोन उचलणं बंद केलं. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, "ताई, आता तरी सांग. एक व्हिडिओ टाक मोबाईलवर, उड्या मारताना. लोकांची तोंडं बंद होतील."

ती बुटाची नाडी बांधत होती. "ज्याला माझा भाव बघून माझा गुडघा कळतो, त्याला मी काय सांगू? बोलू दे."

"पण पुण्याचं गेलं ना हातातून."

"गेलं तर गेलं. मी काय दारोदार गुडघा दाखवत फिरू?"

एवढं म्हणाली खरं, पण त्या दिवशी जेवली नाही. मी डबा पुढं केला तर म्हणाली, भूक नाही. तिला काही वाटत नव्हतं असं नाही. लई वाटत होतं. फक्त वाकायचं नाही, हे ठरलेलं होतं.

स्पर्धा दोन दिवसांची, नगरलाच. बोर्डावर अहिल्यानगर लिहिलेलं, माइकवरचा माणूस दर वाक्याला एकदा हे तर एकदा ते म्हणत होता. उपांत्य सामना सोपा होता. सरांनी आलियाला बसवून ठेवलं, उद्यासाठी राखून. समोरच्या बाजूला रविराज बसले होते. त्यांनी बोट दाखवून शेजारच्याला सांगितलं, "बघा, बसवली. मी म्हटलं नव्हतं?" ते बोट मला अजून आठवतं. मोडावंसं वाटलं होतं.

फायनल रणरागिणीशीच पडली. आलिया पहिली चढाई घेऊन गेली तेव्हा त्यांच्या पोरी मागं हटल्यासुद्धा नाहीत. पुढंच उभ्या राहिल्या, आजारी माणसाला भेटायला आल्यासारख्या. आलियानं एकीला हातानं शिवलं, दुसरीला पायानं, आणि त्या एकमेकींकडं बघेपर्यंत ती परत. सगळ्या मैदानाला कळलं की गुडघा ठणठणीत आहे. फक्त रविराजांना कळलं नाही. ते बाहेरून ओरडत राहिले, "टिकणार नाही! आत्ता लंगडेल बघा!" माणसानं एकदा गावभर सांगितलं ना, की मग ते खरं व्हावं म्हणून तो जीव टाकतो.

पण मग त्यांच्या पोरी शुद्धीवर आल्या. मी सोडून आलेला संघ होता तो, वाईट नव्हताच. उत्तरार्धात त्यांनी गुण फेडले. शेवटी गुण बरोबरीत आणि शेवटची चढाई त्यांची. आमच्या तिघीच उरल्या होत्या: उजव्या कोपऱ्यात एक, डाव्या कोपऱ्यात मी आणि मध्ये आलिया. त्यांच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या, म्हणजे ही तिसरी. नियमानं आता त्यांच्या चढाईवालीला कुणाला तरी बाद करायचं होतं, नाहीतर ती स्वतः बाद. तिनं कुणाला शिवलं आणि परतली, की आमचा संघ संपला.

त्याच्या आधीच्या चढाईत आलिया पडली होती. आता ती उठली, दोन पावलं चालली आणि लंगडली. डावाच पाय.

हे देवा, आत्ता? मी तिच्याकडं सरकले. "ताई, काय झालं?"

ती ओठ न हलवता म्हणाली, "तू घोटा बघ."

बाहेर रविराज खुर्चीवरून उठले. हंगामभर ज्याची वाट बघितली ते समोर दिसत होतं. "गुडघा गेला तिचा! मध्येच जा, आलियाकडंच जा!"

त्यांची उंच चढाईवाली बिनधास्त मध्ये शिरली. आलिया पाय ओढत मागं सरकत होती, आणि ती पोरगी तिच्यामागं खोल, आणखी खोल येत होती. तिनं आलियाला शिवायला पाय लांब केला. मला तिचा दुसरा घोटा असा दिसला, जणू आईच्या पाटीत कुणी ठेवून दिलाय. मी पडले आणि धरला. ती जोरात उसळली. तेवढ्यात त्या लंगड्या आलियानं दोन्ही पायांवर उडी मारून तिची कंबर धरली. तिघी एकमेकींवर पडलो. मध्यरेषा तिच्या बोटांपासून लांब होती. तिचा दम तुटलेला मला कानाशी ऐकू आला.

शिट्टी झाली. मी मॅटवर पडूनच रडले. आलिया माझ्या पाठीवर चापट मारून म्हणाली, "सोड आता तिला. मॅच संपली."

कप देताना सुहास साहेबांनी माइक घेतला. संघ चालू राहणार, पुढच्या वर्षी आलियाला पूर्ण मानधन परत. टाळ्या. मग ते त्या शब्दाकडं वळले. "संघासाठी तिनं जो त्याग..."

आलियानं त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. अंगाला माती नव्हती, मॅटचा खेळ होता, पण कोपरं सोलली होती.

"साहेब, त्याग कसला? मला जिंकायचं होतं. तुम्ही कोपरा घेत नव्हता, म्हणून मी विकत घेतला." मग रविराज बसले होते तिकडं वळून म्हणाली, "आणि त्या कोपऱ्याचं नाव रोहिणी आहे."