शेंदूर पुसा म्हणणारे

मंडळी, आज अकोले तालुक्यातल्या एका जुन्या हेमाडपंती देवळात गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते वाचा.

देवळाबाहेर एक वीरगळ होता, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. त्यावर शेंदूर असा थापलेला की घोडा कुठला, माणूस कुठला, काही कळेना. माझं डोकंच फिरलं. दिवा लावायला आलेल्या मावशींना म्हटलं, "अहो, धुवून टाका ना हे. मूळ दगड दिसू दे."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमी त्यांच्यातलेच का?"

"कुणाच्यातले?"

"मागं कॅमेरेवाले आल्ते. असंच ग्वाड बोलले. आमी ह्याच्या शेजारचा दगड धुऊन दिला. म्हैनाबी झाला न्हाई, दगड गायब! शेंदूर हाय तवर द्येव हाय. द्येवाला कोन उचलत न्हाई."

शेजारी खरंच खड्डा होता, गवत माजलेला. मी निघालो तेव्हा मावशी माझ्या गाडीचा नंबर पुटपुटत पाठ करत होत्या. मला चोर समजतात? फार राग आला.

घरी येऊन आपल्या ग्रुपवरचे जुने फोटो चाळले. एका फोटोत नुकताच धुतलेला, ओला वीरगळ आहे. मागे तेच देऊळ, शेजारी तोच शेंदूर फासलेला दगड. खाली आपण सगळ्यांनी 'अप्रतिम' लिहिलंय. मीसुद्धा.

फोटो टाकणाऱ्याचं नाव मला दिसतंय. तो अजून याच ग्रुपवर आहे.

दादा, तो दगड आता कुठे आहे?