मामीची झुलपं

आख्ख्या कडेगाव तालुक्यात वाऱ्याशी वैर धरलेली एकच बाई असेल, आणि ती म्हणजे माझी धाकटी मामी. मामा फौजेत. दहा महिन्यांनी सुट्टीवर यायचा होता, आठ दिवस राहिलेले, आणि मामीनं मोबाईलवर बघून कपाळावर झुलपं कापली. चूक एकच, केस ओले असताना भुवईच्या मापानं कापले. वाळले तसे दोन बोटं वर चढले आणि तिथंच बसले. आजी म्हणजे तिची सासू बघून म्हणाली, "झालं का, का अजून कातरायचंय?" मामी म्हणाली, "ते येईस्तोवर बसत्यात बघा नीट."

मग काय, आठ दिवस घरात दुसरा विषयच नाही. रोज मोरीत वाकून नुसती झुलपं धुवायची, मग केस वाळवायच्या मशीननं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. तेलकट झाली की वर पावडर. एकदा पावडर जरा जास्त पडली तर शेजारची काकू म्हणाली, "आगं, एवढ्यात पिकलीस व्हय?" रोलर नव्हता म्हणून शिलाई मशीनच्या दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर झुलपं गुंडाळायची, आणि आजोबा आले की त्याच्यावरनंच पदर. आजोबांनी दोन दिवस बघितलं आणि आजीला हळूच विचारलं, "सूनबाईला टेंगूळ आलंय का?" माझ्या स्कूटीवर बसली तर तोंड माझ्या पाठीत खुपसून. "हळू चालव गं, वारं लागतंय." मी म्हटलं, मामी, आत्ता बैलगाडी पुढं गेली आपल्या.

मामा कराड स्टँडवर उतरला तेव्हा आम्ही दोघी न्यायला गेलेलो. एक एसटी जोरात वळली आणि आठ दिवसांची मेहनत सरळ उभी राहिली. मामीनं कपाळावर हात दाबून धरला. मामानं बॅग खाली ठेवली, बघितलं. "कुणी कापली?" "मीच." "आमच्या युनिटातला न्हावीबी अशीच कापतोय." मामीनं घरापर्यंत कपाळावरचा हात काढला नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर केस वाळवायची मशीन मामाच्या हातात, मामी पाटावर. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, कवायत घेतल्यासारखं. महिनाभर रोज. आणि खरं सांगते, लय भारी बसायची.

मामा जाऊन आता पाच महिने झाले. झुलपं नाकाच्या खाली आलीत, मामी ती कानामागं सारते आणि कामाला लागते. वारं असलं तरी काय नाही. परवा मी कात्री आणून दिली, म्हटलं कापू या की परत. तिनं कात्री शिलाई मशीनच्या खणात ठेवली.

"आत्ता नको," म्हणाली. "वाळवून कोण देणार?"