सायकलच्या दांडीवरचं नाव

माझ्या लग्नात आबांनी जावयाला सायकल दिली. दुसरी लढाई संपून वर्ष-दीड वर्ष झालं होतं, विलायती सायकल मिळणं मुश्किल, म्हणून त्यांनी सांगलीच्या एका दुकानातून नव्या देशी कंपनीची सायकल आणली. कंपनीचं नाव मी सांगत नाही. बिचारी कधीच बंद पडली असेल, मेलेल्याला कशाला मारा. काळी कुळकुळीत सायकल, मागं कॅरियर, आणि सोबत एक गुळगुळीत कागद. फ्रेम मोडली तर कंपनी पाच वर्षांपर्यंत बदलून देणार, अशी त्यावर ग्यारंटी छापलेली. पावती आणि ग्यारंटी दोन्ही आबांच्या नावावर.

आबा म्हणजे माझे वडील. पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, पेन्शनीत निघालेले हवालदार. कडेगावच्या अलीकडे आमचं गाव, तिथं त्यांचा थोडा ऊस होता. स्वभावानं सरळ. त्यांच्याशी भांडायचं म्हटलं तर त्यांचा आवाजच चढायचा नाही, मग आपणच दमायचो. मी मात्र आईवर गेले, असं घरात सगळे म्हणायचे, आणि आईसुद्धा म्हणायची.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा भांड्यांवर नावं घालणारा आला. लहानशी छिन्नी, लहानशी हातोडी, आणि समोर माझ्या रुखवताची सगळी पितळ. हंडा, कळशी, परात, ताम्हन, प्रत्येकावर टिकटिक टिकटिक करत ठिपक्यांच्या अक्षरांत आबांचं नाव, गावाचं नाव आणि "लेकीस भेट". सगळी भांडी संपली तेव्हा आबांनी सायकल पुढं केली आणि दांडीवर बोट ठेवलं. "हितं."

तो माणूस कचरला. "आबा, ही पितळ न्हवं. पोकळ नळी हाय लोखंडाची."

"मग जरा जोरानं ठोक," आबा म्हणाले.

हसू नका. त्याला कारण होतं. आबा बसऱ्याला असताना इकडं त्यांच्या भावांनी वाटणी केली. आईनं माहेराहून आणलेली भांडी सगळ्यांच्या भांड्यांत मिसळलेली, एकावरही नाव नाही. हे माझं, ते माझं म्हणून तिनं किती सांगितलं, पण ऐकतो कोण. शेवटी तिच्या वाट्याला दोन पातेली आणि एक फुटका तांब्या आला. आबा परत आले, त्यांनी भावांना एका शब्दानं विचारलं नाही, पण तेव्हापासून घरातल्या झाऱ्यावरसुद्धा नाव घालून घ्यायला लागले. लेकीची वस्तू लेकीचीच राहिली पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात. तर सायकलच्या दांडीवर, हँडलच्या जरा अलीकडे, दोन ओळींत ठसठशीत नाव आलं. आबा आमच्याकडं कधीही आले की चहाच्याही आधी सायकलीपाशी जायचे आणि त्या अक्षरांवरून अंगठा फिरवायचे.

आमचे हे उंब्रजला देवी डॉक्टर होते. म्हणजे पोरांना देवीची लस टोचत गावोगाव हिंडायचं. पेटी कॅरियरला बांधून सकाळी निघायचे ते दुपार कलल्यावर परतायचे. गावातली पोरं त्यांना बघितलं की कणगीमागं लपायची, एवढा मवाळ माणूस असून. सायकलीवर त्यांचा भारी जीव. माझ्याशी बोलताना अधूनमधून कंटाळायचे, पण तिला पुसताना कधी नाही.

दीडेक वर्षानं, एका सकाळी तारळी नदीच्या उतारावर, ती दांडी मोडली. हे पुढच्या पुढं पडले. गुडघा फुटला, धोतर फाटलं, लसीची पेटी तेवढी शाबूत. सायकल एका बैलगाडीत घालून आणली. मी आधी गुडघा बघितला, हळद भरली, आणि मग दांडी बघायला गेले. तडा बरोबर आबांच्या नावातून गेला होता. पहिली दोन अक्षरं एका तुकड्यावर, बाकीची दुसऱ्यावर.

हे लंगडत मागं येऊन उभे राहिले. "आबांना कळवू नकोस," एवढंच म्हणाले.

ते मला सांगायला नको होतं. लेकीचं कुणी नेऊ नये म्हणून ज्या माणसानं नाव घातलं, त्याच नावानं जावयाचा गुडघा फोडला हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी जेवण सोडलं असतं. मी ठरवलं, कंपनीकडून नवी फ्रेम घ्यायची, जुनी तिकडंच राहील, आणि आबांना काहीतरी सांगता येईल. ह्यांचं म्हणणं, कराडला नेऊन जोड मारून आणू, झालं. पण जोड दिसला असता. मी म्हटलं, ग्यारंटी काय पूजेला ठेवलीय का?

मग सुरू झाली पत्रापत्री. कंपनीचा कारभार इंग्रजीत. मी सातवी पास, पण मराठीत. मी सांगायची आणि हे इंग्रजी करायचे. मी सांगायची, "लिहा, तुम्ही सायकली करता का पापड लाटता? माझा नवरा नदीत पडला असता तर कुंकू तुम्ही आणून देणार होता का?" हे मान खाली घालून लिहायचे. "वाचून दाखवा," म्हटलं की माझेच शब्द मला मराठीत जसेच्या तसे म्हणून दाखवायचे. मला भारी समाधान वाटायचं.

पहिलं उत्तर आलं, सायकलवर जादा वजन घातलं असणार, किती माणसं बसत होती ते कळवा. आता खरं सांगायचं तर महिन्यातून एकदा मी कॅरियरवर बसून कराडच्या बाजाराला जायची. ह्यांनी लगेच पेन उचललं कबूल करायला. मी हात धरला. "कॅरियर कुणी बसवलाय? कंपनीनंच ना? शोभेला बसवलाय का? आणि मी म्हणजे काय वजन आहे?" तेव्हा मी खरंच काडीसारखी होते, आज कुणाला पटायचं नाही. ते उत्तर गेलं आणि वजनाचा विषय मिटला.

दुसरं पत्र आलं, मोडलेली फ्रेम सांगलीच्या दुकानात जमा करा, आमचा माणूस येऊन तपासेल.

झाली का पंचाईत. अक्षरं दिसणार. हे म्हणाले, "जे आहे ते सांगून टाकू. आपण ठोकलंय, आपण सोसू." मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी, हे फिरतीवर गेल्यावर, मी दाराला कडी घातली, चुलीवर लाख वितळवली आणि एकेक अक्षर भरत बसले. सोनार दागिन्यात भरतो तशी. मग काचेच्या तुकड्यानं खरवडून सारखं केलं आणि वरून शेजारच्या सुताराकडचा काळा रंग दिला. आबांचं नाव पुरतं गेलं. हात फिरवला तर गुळगुळीत. मला माझ्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की संध्याकाळी ह्यांना मीच दाखवलं. हे नुसतं "हं" म्हणाले.

फ्रेम घेऊन आम्ही मिरजेला गाडी बदलून सांगलीला गेलो. दुकानदार भला माणूस. मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या मिस्टरांची पत्रं कंपनीवाल्यांनी मला दाखवली. काय नम्र लिहितात हो. असं सभ्य गिऱ्हाईक बघितलं नाही म्हणत होते." मी ह्यांच्याकडं बघितलं. हे भिंतीवरच्या टायरांचे भाव वाचत होते. म्हणजे चार महिने मी आग ओकत होते आणि हा माणूस तिचा शिरा करून पाठवत होता. परतीच्या गाडीत मी त्यांना बोलून घेतलं, पण खरं सांगायचं तर मनातून हसूच येत होतं.

पंधरवड्यानं दुकानदाराचं कार्ड आलं. कंपनीचा माणूस येऊन गेला, फ्रेम पास झाली, एक कागद सहीला पाठवलाय तो आला की नवी फ्रेम. मी आळीभर साखर वाटली. कागद कुणाकडं पाठवलाय हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही, ह्यांच्याही नाही.

महिना गेला, फ्रेम नाही. मग पाकीट आलं. ह्यांनी वाचलं, घडी घातली, परत उघडून वाचलं. म्हणाले, "नामंजूर केलं. खरेदीदारानंच लिहून दिलंय म्हणे, दांडीवर अक्षरं ठोकली होती म्हणून."

खरेदीदार म्हणजे आबा. पावती त्यांच्या नावावर, म्हणून सहीचा कागद त्यांच्याकडं गेला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढी लढाई मारत आणलेली, आणि घरच्याच माणसानं किल्ला देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी मी कराडला जाऊन विट्याची सर्व्हिस मोटार धरली आणि दुपारच्या आत माहेरच्या दारात उभी राहिले. आबा ओसरीवर सुंभ वळत होते. आई आत भाकरी थापत होती.

"आबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं नसतं लिहायला?" मी चपलासुद्धा काढल्या नाहीत. "सही करायची आणि मोकळं व्हायचं. फ्रेम हातात आली होती."

"बस आदी. पानी पी." आबांनी सुंभ बाजूला ठेवला. "त्या कागदावर छापल्यालं व्हतं, सायकलीवर कुनी काय ठोकल्यालं न्हाई. दुकानदारानं वाचून सांगितलं. मी ठोकलंय, मग न्हाई कसं म्हनू?"

"तुम्ही सांगलीला गेला होता?"

"गेलो की. कागुद आला तवा तर कळलं सायकल मोडली. म्हनलं बघून तरी यावं. जावईबापू पडल्याचं दुकानदारानं सांगितलं." मग म्हणाले, "जावईबापूंचा गुडघा बरा हाय का आता?"

मी मान हलवली. तेव्हा कुठं चपला काढल्या.

"दुकानदारानं फ्रेम काडून दावली. दांडीवर माझं नाव न्हाई. मला वाटलं दुसऱ्या कुनाची हाय. मग हात फिरवला तर रंग जरा येगळा लागला. नखानं खरवडलं, तर आत लाख." ते माझ्याकडं बघत नव्हते, अंगणातल्या शेळीकडं बघत होते. "जावईबापूंचा हात एवढा सफाईचा न्हाई. तूच भरलीस."

"व्हय," मी म्हटलं. माहेरी आले की माझी भाषा अशी आपोआप फिरते.

"सायकल मोडली तर मोडली. त्यो मानूस सांगत व्हता पोकळ नळी हाय म्हनून, मी ऐकलं न्हाई. चूक माझी. पर चार लोकांत, त्या दुकानात, माझ्या लेकीनं माझं नाव बुजवल्यालं बघितलं. ते लय लागलं गं."

सगळा खटाटोप मी त्यांना लागू नये म्हणून केला होता. मी तिथंच पायरीवर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. "तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बुजवलं, आबा," असं काहीतरी म्हणाले, ते त्यांना समजलं की नाही कोण जाणे.

"कळलं मला ते," आबा म्हणाले. "उठ, भाकरी खा."

तेवढ्यात आई पीठ भरल्या हातानं दारात आली. तिनं इतका वेळ सगळं ऐकलं होतं. "आनी म्होरलं का सांगत न्हाईसा तिला?"

"तू आत जा," आबा म्हणाले.

"का जाऊ? आगं, दुकानदार इचारत व्हता, ही लाख कुनी भरली, ही तर फसवनूक हाय. तवा ह्येंनी दुसऱ्या कागदावर लिवून दिलं, अक्षरं मीच ठोकली आनी बुजवलीबी मीच. सही करून आल्यात."

आबांनी सुंभ परत हातात घेतला होता आणि उगीचच पीळ उलगडत होते. न ठोकल्याच्या कागदावर सही करायला ज्यांचा हात उठला नाही, त्यांनी माझी लबाडी स्वतःच्या नावावर लिहून दिली होती.