साहेबांचा पिवळा चहा
ठेचलेल्या आल्याचा वास आला की मला पिवळा चहा आठवतो. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, पण पावसाचा पत्ता नव्हता. आई माठाखालच्या ओल्या वाळूत आलं पुरून ठेवायची, आणि शेजारीच लोह्याच्या मावशीनं दिलेली ओली हळद. एका दुपारी वडील कचेरीतल्या नव्या साहेबांना घरी घेऊन आले. साहेब धुळीनं सारखे खोकत होते. आई टँकरच्या रांगेत होती, म्हणून वडिलांनी जन्मात पहिल्यांदा स्वतः चहा टाकला; वाळूतून एक तुकडा उकरला आणि न बघताच ठेचून घातला. कपात ओतला तर चहा पिवळाधमक! फेकावा तर माठात दुसरं पाणी नव्हतं. "हा कसला चहा?" साहेबांनी विचारलं. वडील छातीठोकपणे म्हणाले, "आमच्याकडं असाच पितेत, साहेब." साहेबांचा खोकला थांबला, आणि बदली होईपर्यंत ते दर रविवारी येऊ लागले. त्यांच्यासमोर आम्हालाही तोच चहा प्यावा लागे. "लबाडी तुमची अन् कडू तोंड आमचं!" आई म्हणायची. अजूनही आलं ठेचण्याआधी मी तुकडा मोडून रंग बघते; दारात साहेब असोत नसोत.