मुक्ताचं मॅथ्स आणि हायलँड्सचा बर्फ

घरात स्कीइंग करणारं पोर असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ओल्या मोज्यांसारखे ते आपोआप खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर येऊन पडतात, आणि वाळले तरी वास जात नाही! मित्र म्हणतात, "तू मीठमसाला लावून सांगतोस." अरे, मीठ घालायला जागा तरी ठेवते का ती मुलगी?

मुलगी म्हणजे आमची मुक्ता. लंडनच्या हॅरोत जन्मली, हॅरोत वाढली. मराठी धडाधड बोलते, फक्त कुठला शब्द 'तो' आणि कुठला 'ती' हे त्या दिवशीच्या मूडवर. एडिनबराला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणजे हे घडलं तेव्हा आहे की नाही याचीच शंका होती, कारण पहिल्या वर्षाचा मॅथ्सचा पेपर तिच्या मानगुटीवर बसला होता. उन्हाळ्यातली रीसिट म्हणजे फेरपरीक्षाही गेली. डिसेंबरात शेवटची संधी, तीही गेली तर वर्ष रिपीट. आणि मुक्ता आणि मॅथ्स यांच्या मध्ये आडवा पडलेला होता स्कॉटलंडच्या डोंगरांवरचा, हायलँड्सचा बर्फ!

*

एडिनबरा निवडलं सुलभाने. सुलभा म्हणजे माझी बायको. वॉटफर्डला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर आहे. दिवसभर पेशंटना "स्ट्रेस घेऊ नका" असं सांगते आणि संध्याकाळी उरलेला सगळा स्ट्रेस मला आणून देते.

"लंडनमध्ये पोरांचं लक्ष उडतं," ती म्हणाली. "तिकडे थंडी आहे. थंडीत माणूस घरात बसतो. घरात बसला की अभ्यास करतो."

पहिल्याच आठवड्यात मुक्ताचा फोन. "आई, मी क्लब जॉइन केली!"

"कुठला?"

"स्की!"

मग सुलभा म्हणाली, "का? चेसचा नव्हता?"

इथल्या युनिव्हर्सिट्यांत बुधवारी दुपारी खेळासाठी तास नसतात. चांगली पद्धत आहे. आमच्या कन्येचा बुधवार मात्र मंगळवारी सकाळी सुरू व्हायचा आणि गुरुवारी संध्याकाळी संपायचा. बर्फ वितळल्यावर तरी सुटका होईल म्हणावं, तर गावाबाहेर कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, प्लॅस्टिकच्या ब्रशांचा उतार बांधून ठेवलाय, बारा महिने घसरायला! देव बर्फ वितळवतो आणि कौन्सिल प्लॅस्टिक अंथरते. बापाने करायचं काय?

*

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला मुक्ता घरी आली. एका हातात मॅथ्सचं पुस्तक, खांद्यावर स्की. पुस्तक हॉलमध्ये राहिलं, स्की वर बेडरूममध्ये गेल्या.

स्कीच्या तळाला मेण लावतात, म्हणजे ती सुळकन जाते. ते मेण वितळवायला इस्त्री लागते. एवढं ज्ञान मला आता आहे. त्या शनिवारी नव्हतं, आणि सुलभालाही नव्हतं. ती मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमाला निघाली होती. तिने इस्त्री गरम केली आणि आईची पैठणी समोर पसरली.

किंकाळी अशी आली की शेजारचा डेरेक कुंपणावरून ओरडला, "सगळं ठीक आहे ना?"

पदरावरच्या मोरावर वीतभर मेणाचा पट्टा! मुक्ताने येऊन पैठणीवरून बोट फिरवलं आणि अगदी तज्ज्ञासारखी म्हणाली, "घाबरू नको आई. हे थंडीतली वॅक्स आहे. खूप स्मूद बसला आहे."

त्या वर्षी मंडळात सुलभा ड्रेस घालून गेली.

*

मग मी ठरवलं, भीती घालायची. आमचा बंडू देशपांडे हाडांचा सर्जन आहे. माझा पुण्याचा वर्गमित्र. त्याला म्हटलं, "तुटलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे दाखव तिला. चांगले भयानक निवड."

बंडू रविवारी लॅपटॉप घेऊन आला. चकली खात खात त्याने असे एक्स-रे दाखवले की मला चकली गिळवेना. मुक्ता मात्र खुर्ची पुढे ओढून बसली.

"बंडूकाका, हे पडताना बूट स्कीपासून सुटला नाही म्हणून ना? याचा स्प्रिंग टाइट ठेवलेला होता."

बंडूने चष्मा वर केला. "तुला कसं कळलं?"

झालं! पुढचा तासभर दोघांची फोर्स, टॉर्क आणि गुडघा यांवर चर्चा. मी आपला चहा देतोय. निघताना बंडू मला दाराशी म्हणाला, "मुलगी हुशार आहे रे. मुळात हे स्कीइंग करून बघायला पाहिजे एकदा."

वॉटफर्डच्या पुढे एका भल्या मोठ्या शेडमध्ये वर्षभर खरा बर्फ असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी बंडू आणि मुक्ता तिकडे गेली. दुपारी बंडूचा फोन त्याच्याच हॉस्पिटलमधून. मनगट! प्लास्टर घालायला उभा होता त्याचाच ज्युनिअर. तो पोरगा घाबरून विचारतो, "सर, मी बरोबर करतोय का?" आणि बंडू कळवळून ओरडतो, "नाही!"

*

एवढं झाल्यावर सुलभाने कारभार हातात घेतला. रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल. "टेबल दाखव. पुस्तक दाखव. खिडकी, पडदा, सगळं दाखव."

आणि काय सांगू, पोरगी खरंच टेबलाशी! मागे पुस्तकांची रांग, टेबलावर दिवा, खिडकीत कुंडी. सुलभा कृतार्थ. मला म्हणाली, "बघा, धाक लागतो." अहो, ती तिच्या बहिणीला पुण्याला स्क्रीनशॉट पाठवायला लागली!

चौथ्या-पाचव्या दिवशी मी सहज मान वाकडी करून स्क्रीनकडे पाहिलं.

"मुक्ता," मी म्हटलं, "तुझ्या खिडकीत ऊन आहे."

"हो बाबा. छान रूम आहे ना?"

"एडिनबरात. नोव्हेंबर संपताना. संध्याकाळी सात वाजता."

मागची पुस्तकं जरा हलली. तिच्या एका कानाभोवती खिडकीचं चित्र वितळल्यासारखं झालं आणि त्या फटीतून बसची सीट दिसली. सीटवर हेल्मेट घातलेला एक दाढीवाला मुलगा सँडविच खात होता. त्याने आम्हाला हात केला.

"बाबा," मुक्ता म्हणाली, "क्लायमेट चेंज."

*

सुलभा म्हणाली, "आता थेट सरांना भेटायचं." आम्ही दोघं पुण्यातल्या शाळांत शिकलेलो. मुलगी वाया चालली की आईबाप जाऊन मास्तरांना भेटतात, यात काही चूक आहे असं आम्हाला वाटलंच नाही. डिंकाचे लाडू, चिवडा घेतला आणि एडिनबरा गाठलं.

मुक्ताचे ट्यूटर हडकुळे, सभ्य गृहस्थ होते.

"मुक्ता तासांना येते का?" सुलभाने विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही."

"निदान तुमच्या वर्गात तरी आहे ना?"

"तेही सांगता येणार नाही."

"मी तिची आई आहे हो!"

"मॅडम," ते फार दुःखी चेहरा करून म्हणाले, "या नावाची विद्यार्थिनी अस्तित्वात आहे की नाही, हेसुद्धा मी सांगू शकत नाही. ती सज्ञान आहे, वीस वर्षांची." मग दचकून म्हणाले, "म्हणजे, असलीच तर."

मी वैतागून चिवड्याचा डबा पुढे सरकवला. तो मात्र त्यांनी घेतला. बराच घेतला. दाणे वेचून खाल्ले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अगदी सर्वसाधारण बोलायचं झालं, तर आज हायलँड्समध्ये बर्फ उत्तम आहे."

आम्ही तिच्या फ्लॅटवर गेलो. फ्लॅटमेटने दार उघडलं. "मुक्ता लायब्ररीत आहे," ती एका दमात म्हणाली. तिच्या मागे बाथटबमध्ये स्कीच्या तीन जोड्या वाळत होत्या. मुक्ताची तेवढी नव्हती.

*

सुलभा घरी आली ती तडक देव्हाऱ्यासमोर उभी राहिली आणि गणपतीला नवस बोलली: "मुक्ता या पेपरात पास होऊ दे, ती वर्षभर स्कीला हात लावणार नाही."

आणि वर मुक्ताला फोन करून हे सांगितलंही!

मुक्ताने शांतपणे ऐकून घेतलं. "आई, म्हणजे पास झाले तर स्कीइंग बंद?"

"बंद!"

"आणि नापास झाले तर चालू?"

मी कपाळावर हात मारला. पेपरला दोन आठवडे राहिलेले, आणि हिने पोरीला नापास व्हायचं कारण स्वतःच्या हाताने दिलेलं!

घाईघाईने गुरुजींना फोन लावला. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार कौन्सिलच्या पार्किंग विभागात असतात, शनिवार-रविवार सत्यनारायण सांगतात. मुक्ताही फोनवर होतीच.

"ताई," गुरुजी म्हणाले, "गाडी तुम्ही लावायची आणि दंडाचं तिकीट मुलीला, असं देवाकडे चालत नाही. ज्याने नवस बोलला, त्यानेच फेडायचा. हा रद्द समजा. तुम्हाला स्वतःला जड जाईल असं काहीतरी बोला."

"चहा सोडते."

"सगळेच चहा सोडतात. चार दिवसांनी पितात."

सुलभाचा दिवस सकाळी सहाला सुरू झालेला, त्यात हे. ती भडकली. "मग काय करू? मुलगी पास झाली तर मीच येते त्या डोंगरावरून घसरत! झालं समाधान?"

"झालं," गुरुजी म्हणाले. "नोंद झाली."

"अहो, मी रागाने म्हटलं!"

"देवासमोरच उभ्या आहात ना?"

ती उभी होती. आणि ही बाई अंगणात दव गोठलं तर गाडीपर्यंत माझा दंड धरून जाते!

तिकडून मुक्ता म्हणाली, "बाबा, मी फोन ठेवते. मला अभ्यास आहे."

हे वाक्य आम्ही तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. पुढचे दोन आठवडे ती फोनवर सापडली नाही. तिची फ्लॅटमेट म्हणाली, "मुक्ता लायब्ररीत आहे." आणि खरंच होती!

जानेवारीअखेर निकाल आला. पास! सुलभा रडली, देवाला साखर ठेवली, मला मिठी मारली. किटलीतलं पाणी उकळेपर्यंत तिचा आनंद टिकला. तेवढ्यात गुरुजींचा मेसेज: "ताई, अभिनंदन. बूट तिथे भाड्याने मिळतात."

फेब्रुवारीत आम्ही तिघं हायलँड्समध्ये. शिकाऊ मंडळींचा छोटा उतार, सगळीकडे पाच-सहा वर्षांची पोरं. त्यांच्यात आमची सुलभा. दोन थर्मल, माझं जॅकेट, हेल्मेटखाली कानटोपी. मी खाली चहाचा थर्मास घेऊन उभा.

"आई, गुडघे वाकव!"

"वीस वर्षं लोकांना सांगतेय, गुडघे जपा म्हणून!"

"आई, खाली बघू नको!"

"मग कुठे बघू? जायचंय तर खालीच!"

आणि निघाली. "गणपती बाप्पाऽऽ" ऐकू आलं, "मोरया" माझ्या कानाशी पोहोचलं आणि त्याच्या पाठोपाठ सुलभा! थांबायचं कसं हे मुक्ताने अजून शिकवलंच नव्हतं. मी आडवा, थर्मास आडवा, गरम चहा माझ्या ग्लोव्हमध्ये. आजूबाजूची पोरं टाळ्या वाजवत होती. मी पडल्या पडल्या डोळे मिटून घेतले. आता माझा, मुक्ताचा, गुरुजींचा, स्कॉटलंडचा, सगळ्यांचा उद्धार होणार!

काहीच झालं नाही. मी एक डोळा उघडला.

सुलभा बर्फात बसली होती. हेल्मेट तिरकं, नाक लालबुंद. ती वर डोंगराकडे बघत होती, गालातल्या गालात हसत. मुक्ता धापा टाकत येऊन पोहोचली.

"आई! आर यू ओके?"

"मुक्ता, पुढच्या वर्षी पेपर किती आहेत गं तुझे?"

आणि उत्तर यायच्या आत तिने तिथेच, बर्फात बसल्या बसल्या, ग्लोव्ह्ज घातलेले हात जोडले आणि डोळे मिटले.